फोर्डचा खांदा

महारुद्रनं बंद मोटारीच्या बॉनेटवर कान टेकला.

आडात बादली सोडली, की आता पाण्याचा नाही, दगडाचा आवाज येत होता.

साखर कारखान्याच्या जीपला नवा भोंगा बसवला होता. कारखाना अजून बांधायचा होता.

गिरिजाबाईच्या गोठ्यात दोन दावी खुंटीला गुंडाळून टांगलेली. खाली शेणाचा वासही उरला नव्हता.

रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी ताटात पडली की तुकडे होत.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या वर्षी हैदराबादेत एका कंत्राटदारानं आपल्या ड्रायव्हरच्या हातात किल्ली ठेवली, "सांभाळ" म्हणाला, आणि परत आलाच नाही.

तो ड्रायव्हर महारुद्र. मोटार आठ सिलिंडरची, काळी फोर्ड. भूमच्या सडकेला, गावापासून जरा लांबच, पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असे आणि तिच्या शेजारी बाजेवर तो. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. सायकलींचे पंक्चर काढून एका माणसाचं पोट भरत होतं. बहात्तर साली सायकलीही कमी झाल्या. माणसं दुष्काळी कामावर पायीच खडी फोडायला जात आणि पायीच परत येत.

मोटारींबद्दल त्याची मतं ठाम होती. अँबेसेडर ही गादी-तक्क्याची गाडी, बसणाऱ्यासाठी केलेली. फियाट म्हणजे शिलाई मशीन. जीप प्रामाणिक, पण तिला लाज नाही, कुठंही जाते. मोटार ती, जी उभी असतानाही पळण्याच्या बेतात वाटते. जिचं इंजिन थांबलं, की घरातलं कुणी उठून गेल्यासारखं वाटतं. हे शेवटचं तो कुणापाशी बोलला नव्हता. बाकीचं सगळं पुन्हापुन्हा बोलून झालं होतं.

ऐकायला शांतलिंग येत असे. कारखान्याच्या जीपवरचा ड्रायव्हर, परंड्याकडचा, वयानं लहान. त्या दिवशी तो आला तो जीप बंद न करताच बोलू लागला.

"मामा, दसऱ्याचं काही खरं न्हाय औंदा."

महारुद्र फडक्यानं हेडलाइट पुसत होता. हात थांबला नाही.

दरवर्षी दसऱ्याला भूमच्या एसटी स्टँडमागं मोटारवाले जमत. झेंडूच्या माळा, नारळ, उघडी बॉनेटं, आणि कुणाची गाडी किती पाण्यात आहे यावर भांडणं. शेवटी सगळे म्हणत, महारुद्र, आठचा आवाज होऊ द्या. मग तो हँडल मारी आणि मैदान गप्प होई. वर्षातून तेवढंच. बाकी दिवस तो कान टेकून भागवत असे. यंदाच्या त्या एका दिवसासाठी बाजेखाली पेट्रोलचा एक डबा जपून ठेवला होता. भूमला जाऊन यायला पुरेल एवढाच.

"माझी जीप टंचाईच्या कामाला लावली. बार्शीवाल्यानं ट्रक विकला," शांतलिंग म्हणाला. "कोण यायचंय?"

"म्या जाईन."

"एकटं?"

"मैदान कुठं जातंय?"

शांतलिंग खाली उतरला. फोर्डच्या चाकाशी उकिडवा बसला.

"माझं ऐका. ह्यातलं इंजान काढा. आमचा फिटर ट्रॅक्टरचं डिझेल बसवून देईल. भूम-परंडा शिटा मारा. चार माणसं तरी बसतील जवळ."

"आन आवाज?"

"डिझेलचा यील की."

"त्यो आवाज न्हाय, शांतलिंग. त्यो खोकला हाय."

शांतलिंग हसला. "तुमची मोटार अमेरिकेची, आमची मिलो बी अमेरिकेची. दोन्ही पचायला लई जड बघा."

तो गेला. धूळ बसेपर्यंत महारुद्र सडकेकडं पाहत राहिला, मग पुसलेला हेडलाइट पुन्हा पुसला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, गिरिजाबाई आली. सडकेला सर्वांत जवळचं घर तिचं. मुलगा-सून पुण्याकडं कामाला गेलेले. हातात वाटी, वाटीवर पानाचं झाकण. खांद्यावर बैलाची झूल, आरसे लावलेली.

"दादा, गावात एक बी बैल ऱ्हायला न्हाय," ती म्हणाली. "उद्या पोळ्याला तुमची मोटार काढायची म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"गाव."

"मोटार म्हंजी बैल न्हाय, गिरिजाबाई."

"म्या कुठं म्हणलं बैल हाय? वेशीपतोर यायचं. पेट्रोल नसंल तर ढकलू की समदी."

महारुद्रचा चेहरा उतरला. "ढकलत न्यायला ती हातगाडी हाय का?"

"मग चालवत आणा."

बाजेखालचा डबा त्यानं पायानं आणखी आत सरकवला. तिनं ते पाहिलं, पण काय आहे ते विचारलं नाही. वाटीवरचं पान काढलं. आत तुपात कालवलेली हळद होती. तूप कमी, हळद जास्त.

"खांदा मळून जाते. ह्येचा खांदा कुठं असतोय?"

तो हसणार होता. पण ती खरोखरच शोधत होती. मडगार्डवर हात फिरवून पाहिला, मग दारावर. बैलाच्या अंगावरून फिरवावा तसा तिचा हात फिरत होता, जूनं घट्टे पडतात ती जागा शोधत. एवढ्या वर्षांत मोटारीबद्दल त्याला कुणी असं काही विचारलं नव्हतं. किती पळते, किती पिते, एवढंच विचारत.

"वढ मागल्या चाकांत असती," तो म्हणाला. "तिथं."

ती वाकली. चाकाच्या मधोमध, लोखंडावर, तिनं हळद चोळली. दोन्ही बाजूंनी, सावकाश, बोटं काळी होईस्तोवर. मग तोंड जवळ नेऊन बैलांना म्हणतात तसं म्हणाली,

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

झूल बाजेवर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डबा बाहेर काढला. झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा लावलं. सडकेवर कुणीच नव्हतं. मग त्यानं डबा टाकीत रिता केला, शेवटचा थेंब पडेपर्यंत तिरका धरून. रेडिएटरमध्ये धरून ठेवलेलं आंघोळीचं पाणी ओतलं. बॉनेटवर झूल पसरली. तिसऱ्या हँडलला इंजिन बोललं आणि शेडचा पत्रा थरथरू लागला.

वेशीपर्यंतची वाट त्यानं पहिल्या गिअरमध्ये कापली. आवाज वाया जाऊ नये म्हणून.

वेशीत तोरण नव्हतं. हलगी नव्हती. मारुतीच्या पारावर गिरिजाबाई ताट घेऊन उभी होती, इरकली नेसून. दोनतीन म्हाताऱ्या दारातून बाहेर आल्या आणि तिथंच थांबल्या.

"बाकीचे?" महारुद्रनं खिडकीतून विचारलं.

"येतील. तुमी इंजान बंद करू नगा. ऐकू द्या जरा."

उन्हं कलली तरी इंजिन चालूच होतं. मग तिनं चाकांना ओली बोटं लावली, लोटा ओतण्याइतकं पाणी नव्हतं. दोन हेडलाइटच्या मध्ये कुंकू लावलं, ओवाळलं. मग मिलोची पुरणपोळी बॉनेटवर, झुलीवर ठेवली. इंजिनाच्या धडधडीनं ताट हलकंसं थरथरत होतं.

"ही कशी खाणार?" तो म्हणाला.

"ह्येचा धनी खाईल की. उतरा खाली."

तो उतरला. उभ्यानंच पहिला घास मोडला. एक हात बॉनेटवर होता. खाताना दोनदा त्यानं गल्लीकडं पाहिलं. कुणी आलं नाही. पोळी अर्धी झाली तेव्हा इंजिन अडखळलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. एवढी शांतता झाली, की दारातल्या म्हाताऱ्या आत वळल्या.

महारुद्र हँडलकडं गेला नाही.

"अजून एक वाढू का?" गिरिजाबाईनं विचारलं.

त्यानं ताट पुढं केलं.

यंदा पोळा होणार नाही, अशी दवंडी नारळी पौर्णिमेलाच गावातून फिरली होती. ती गिरिजाबाईच्या दारापर्यंत आली होती, सडकेपर्यंत आली नव्हती.