कुठलं तानुकी?

मासुयोबाईंना एकच व्यसन होतं. समोरचा माणूस कोण, कुठला, कशासाठी आला, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तोक्योतल्या मिनोवाबाशीच्या ट्राम थांब्याला लागून त्यांचं ‘कामेया’ हे नऊ खुर्च्यांचं दुकान. नवरा तोकुजी आत चुलीपाशी, बाई बाहेर गिऱ्हाइकांपाशी, अशी एकतीस वर्षांची वाटणी. तो रस्सा ढवळायचा आणि ह्या माणसं.

म्हणूनच त्या राखाडी कोटवाल्या बाईने त्यांच्या डोक्यात भुंगा सोडला होता. चाळिशी ओलांडलेली असावी. परवा दुपारी तीनला आली, रश्शातल्या बारीक नूडल्सचं तानुकी सोबा मागितलं, वाडग्याकडे टक लावून बघितलं आणि दोन घास खाऊन उठली. काल आली ती डबा घेऊन. तेच तानुकी, पण सोब्याऐवजी उदोन ह्या जाड नूडल्स घालून, बांधून नेलं. आज पुन्हा हजर. पुन्हा तानुकी. आणि आज तर खायच्या काड्या उचलायच्या आधीच तिने विचारलं, “काकू, हे तानुकीच ना?”

“म्हणजे काय!” मासुयोबाईंनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. “तळणीतला कुरकुरीत चुरा वर, कांद्याची पात, खाली सोबा. ह्याला तानुकी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?”

“तसं नाही हो. चुकलंच माझं.”

“चुकलं-बिकलं राहू दे. तीन दिवस बघतेय मी. खात तर नाहीस, नुसती त्याच्याकडे बघत बसतेस. काय झालंय?”

असं कोणी सरळ विचारत नाही. निदान तोक्योत तरी नाही. पण मासुयोबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्या बाईलाही बहुधा कुणीतरी विचारायलाच हवं होतं. तिचं नाव चिगुसा. इथून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. दोन महिन्यांपूर्वी तिच्या आईला, सेत्सुबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. घरी आणलं, पण बोलणं गेल्यासारखंच. दिवसाकाठी जेमतेम चार चमचे पोटात जातात.

“डॉक्टर म्हणतात, सोमवारपर्यंत असंच राहिलं तर थेट पोटात नळी घालायची. एकदा नळी बसली की आई काही पुन्हा तोंडाने खायची नाही. मला माहितेय ना तिचा स्वभाव.” चिगुसाने काड्या खाली ठेवल्या. “एकच शब्द तिला नीट येतो. तानुकी. दिवसभर तेच. म्हणून मी नेलं. इथलं नेलं, स्टेशनाजवळचं नेलं. ती बघते, तोंड फिरवते आणि परत म्हणते, तानुकी. काल तर रडली. आईने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही हो, काकू. आता मागतेय, तर मला ते कळतच नाही.”

स्वतःच्या रिकाम्या कुतूहलाची मासुयोबाईंना लाज वाटली, पण कुतूहल काही कमी झालं नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर निशिगाकीसान जेवत होते. टॅक्सी चालवायचे, मूळचे क्योतोचे. अकरा वर्षं रोज इथे जेवत होते, आणि रोज एकच: डुकराच्या मांसाचं कटलेट आणि अंडं घातलेला वाडगाभर भात. इथल्या काळ्या रश्शाला ते शाई म्हणत, म्हणून नूडल्सना कधी शिवले नाहीत. जाताना मात्र दारात वळून न चुकता “ओऽकिनी” म्हणायचे. त्यांच्याकडे ‘आभारी आहे’ असंच म्हणतात. मासुयोबाई रोज त्यांची नक्कल करायच्या.

आज ते वाडग्यातून मान वर काढून म्हणाले, “तुमच्या आई कुठल्या?”

“इथल्याच, तोक्योच्या,” चिगुसा म्हणाली. “निदान ती तसं म्हणायची. माहेराबद्दल विचारलं की म्हणायची, माहेर उरलं नाही. एकोणिसाव्या वर्षी एकटीच होती, एवढंच मला माहीत.”

“तानुकी म्हणताना हाताने काही करतात का?”

चिगुसाला नवल वाटलं. “करते की. असं.” तिने उजव्या हाताची मूठ डाव्या तळहातावर गोल गोल घासून दाखवली. “व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, चांगलं आहे, करू द्या.”

निशिगाकीसाननी काड्या आडव्या ठेवल्या. “कसला व्यायाम! आलं किसताहेत त्या.”

आत तोकुजी नळाखाली भांडी विसळत होता.

“तानुकीवर आलं?” मासुयोबाई म्हणाल्या. “कोण घालतं?”

“आम्ही घालतो. क्योतोत तानुकी मागा, उदोन येतात. वर तळलेल्या टोफूच्या पट्ट्या, कांद्याची पात, रस्सा खळीसारखा घट्ट, आणि वर किसलेलं आलं. थंडीत ते खाल्लं की कानशिलं गरम होतात.”

“आणि चुरा?”

“चुऱ्याचं काय काम? आणि ओसाकात मागाल तर तिसरंच काहीतरी पुढ्यात येईल.”

“मग ते तानुकी नव्हे,” आतून तोकुजीचा आवाज आला. दिवसभरातलं त्याचं हे पहिलंच वाक्य.

“नव्हे कसं? तुमच्या ह्या शाईला रस्सा म्हणायचं आणि आमचं तानुकी नव्हे!”

“दोघंही गप्प बसा!” मासुयोबाई कडाडल्या. “तिकडे त्या बाईच्या पोटात अन्न नाही, आणि तुम्ही नावावरून भांडताय! आणि निशिगाकीसान, अकरा वर्षं इथे बसून भात हाणलात, हे कधी सांगितलं नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

हे मात्र बाईंना झोंबलं. साऱ्या जगाची चौकशी केली, आणि रोजचा माणूस काय खाऊन वाढला ते विचारायचं राहिलं.

चिगुसा अजून स्वतःच्या तळहाताकडेच बघत होती. “घट्ट असतो ना तो?” ती हळूच म्हणाली. “डॉक्टरही तेच म्हणतात. पातळ देऊ नका, ठसका लागेल, घट्ट करून द्या.”

आत नळ बंद झाला. तोकुजीने पडद्यातून डोकं बाहेर काढलं. “घट्ट म्हणजे किती?”

“चमचा उलटा केला की लगेच पडायला नको,” निशिगाकीसान म्हणाले. “आणि तुमचा तो काळा सोया सॉस हात आखडून घाला. मीठ घाला त्याऐवजी.”

तोकुजीने तोंड वाकडं केलं. पण समुद्री शेवाळ उकळून वेगळा रस्सा काढला, सोया सॉस थेंब मोजून घातला, बटाट्याचं सत्त्व पाण्यात कालवून सोडलं. उदोन मऊ होईपर्यंत शिजवून कात्रीने बारीक कातरले, टोफूही अगदी बारीक चिरला. निशिगाकीसाननी एक चमचा चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले, “ठीक आहे.” क्योतोच्या माणसाकडून ह्याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

डबा पोचवायला कुणाला पाठवायचं हा प्रश्नच नव्हता. झाकणाच्या पेटीत वाडगा ठेवून मासुयोबाई स्वतः चिगुसाबरोबर निघाल्या. दुकान उघडं असताना त्या बाहेर पडल्याचं तोकुजीने आजवर पाहिलं नव्हतं.

सेत्सुबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. खिडकीकडे तोंड, अंगात काही उरलेलं नाही. चिगुसाने झाकण काढलं. आल्याचा वास खोलीभर पसरला. म्हातारीचं डोकं हळूहळू वळलं.

“तानुकी,” ती म्हणाली. ह्या वेळी ते मागणं नव्हतं.

पहिला चमचा तोंडात गेला. चिगुसाने श्वास रोखून धरला, मासुयोबाईंनीही. घसा हलला. ठसका लागला नाही. दुसरा गेला, तिसरा गेला, आणि चौथ्याला म्हातारीने धडधाकट हात पुढे करून चमचा मुलीकडून काढूनच घेतला. निम्मा वाडगा संपला तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने मासुयोबाईंकडे पाहिलं, मान किंचित झुकवली आणि जड जिभेने, पण अगदी स्पष्ट म्हणाली, “ओऽकिनी.”

चिगुसाच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. “आई?” तिने वळून मासुयोबाईंना विचारलं, “आई असं कधीच बोलत नाही. हे कुणाचं बोलणं?”

“तुझ्या आईचं, बाळ.”

चिगुसा रडायला लागली. मासुयोबाईंच्या जिभेवर दहा प्रश्न आले होते. क्योतो का सोडलं? तिथे कोण होतं? साठ वर्षं ही भाषा कुठे दडवून ठेवली? पण जन्मात पहिल्यांदाच त्यांनी सगळे गिळले. एकच विचारलं, “चव बरी आहे ना?”

म्हातारीने विचार केला. मग मूठ तळहातावर ठेवून गोल गोल घासली. आलं कमी पडलं होतं.