धुतलेला कोरडा बर्फ

एकतीस वर्षे विज्ञान शिकवले, पण वर्गात एकही प्रयोग करून दाखवला नाही. मुलांसमोर हात थरथरतात, म्हणून फळ्यावर आकृती काढायचो आणि ‘समजा, मेणबत्ती विझली’ म्हणायचो. १९९८च्या मार्चअखेर निवृत्त होणार होतो. त्याआधी एकदा तरी खरी मेणबत्ती विझवून दाखवायची होती.

पुतण्या संतोष नाशिकला आइस्क्रीमच्या कारखान्यात होता. त्याने दिलेला दोन किलो कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, भुसा भरलेल्या थर्माकोलच्या खोक्यात घालून, झाकण सैल ठेवून, मी घोटीजवळच्या आमच्या शाळेत आणला. खोके व्हरांड्यात ठेवून टिपणे वाचत बसलो. खरे तर वेळ काढत होतो.

शिपाई चिमणाबाई घाबरून आल्या. “गुरुजी, बर्फ धुवाया घेतला तर नुसता धूर निघाया लागला.”

“धुतला? कशाला?”

“भुशातला बर्फ न धुता कोण देतं पोरांना? लग्नात सरबताचा बर्फ मीच धुते.” त्यांचा चेहरा उतरला. “लय नुकसान केलं का?”

“हात नाही ना लावला?”

“नाय. खोकंच उपडं केलं घमेल्यात.”

नळापाशी घमेल्यातून पांढरे धुके ओट्यावरून खाली ओघळत होते. आठवीची मुले भोवती जमली होती. बर्फ झपाट्याने संपत होता. आता प्रयोग राहिला, असे सांगता आले असते. ही सबब मला क्षणभर आवडली.

“सर, आज पण ‘समजा’च का?” हर्षालीने विचारले. मुले हसली.

खिशात मेणबत्ती होती. दोन काड्या मोडल्या. तिसरी चिमणाबाईंनी पेटवली. मेणबत्ती धुक्यात धरली, विझली.

“वाऱ्यानं विझली,” हर्षाली म्हणाली.

मग मेणबत्ती रिकाम्या बादलीच्या तळाशी उभी करून पेटवली. हर्षालीने मगभर धुके घेऊन वरून ओतले. ज्योत गेली. हर्षालीने वाकून बादलीत पाहिले.

“परत, सर.”

पण बादलीत काडीच जळेना. बादली उपडी करून आतला वायू पाण्यासारखा ओतून टाकावा लागला. हे मला आधी सुचलेच नव्हते. नंतर प्रत्येकाची पाळी लागली.

सुनीलची आली तेव्हा घमेल्यात नुसते भुसा तरंगणारे गार पाणी उरले होते. तरी त्याने रिकामा मग ओतला. ज्योत तशीच.

“आता का नाय विझत, सर?”

मी त्याच्याजवळ ओट्यावर टेकलो. “आधी तू सांग, तुला काय वाटतं?”