जुनं वर, नवं खाली

आई गेली त्याच्या नवव्या दिवशी धाकटा दुकानातून सामानाची पिशवी भरून घेऊन आला. मी ती दारातच अडवली.

"परत करून ये," म्हटलं. "आईने भरून ठेवलेलं संपेपर्यंत या घरात दुकानातला एक दाणा यायचा नाही."

"ताई, यात साबण पण आहे. आईने साबणाचाही डबा भरलाय का?"

"साबण ठेव. दूध नि कांदेही चालतील. बाकी परत."

माझा स्वभावच असा, एकदा बोलले की बोलले. धाकटा वायरमन आहे. तो म्हणतो, ताईला फ्यूजच बसवलेला नाही, थेट जोडणी आहे. बाबा पिशवीतला साबण काढून आत ठेवून आले. त्यांनी चाळीस वर्षं बस डेपोत फाटलेल्या सीटा शिवल्या, तोंडात सुई धरून. त्यामुळे असेल, ते कमीच बोलतात.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात अकरा डबे आहेत. ते भरायची आईची एक रीत होती. नवं सामान आलं की ती ते वरून ओतायची नाही. डब्यातलं उरलेलं आधी वर्तमानपत्रावर काढायची, डबा कोरडा पुसायची, नवं तळाशी घालायची आणि त्यावर जुनं. जुनं वर, नवं खाली. तांदळाचा डबा तर माझ्या गुडघ्याच्या वर येतो, पण तोही ती दर खेपेला उलटा करायची. मी औषधांच्या गोदामात खोक्यांवरच्या तारखा तपासते. जुना माल आधी बाहेर, हा आमच्याकडचा पहिला नियम. तो मला कोणी शिकवायची गरजच पडली नाही.

म्हणजे जसजसं खात जाऊ तसतसे आपण आईच्या शेवटच्या खरेदीपर्यंत पोचू, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. प्रत्येक डब्याच्या तळाशी तिने सगळ्यात शेवटी, स्वतःच्या हाताने घातलेलं असणार. ते मला खायचं होतं. वेडेपणा होता, आणि तो मला कळतही होता. पण ती दवाखान्यात चार दिवसांत गेली. धड बोलणंसुद्धा झालं नाही. मग निदान तिच्या हातचं शेवटचं तरी पदरात पडावं, असं मनाने घेतलं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. मसूर होते, बाटलीतले टोमॅटो होते, सूपमध्ये शेवया घातल्या की पोट भरायचं. मग जोड्या जमेनाशा झाल्या. एक दिवस छोले आणि मक्याचं पीठ, दुसऱ्या दिवशी मक्याचं पीठ आणि छोले. धाकटा ताटाकडे बारकाईने बघायचा आणि म्हणायचा, "वा, आज छोले डावीकडे वाढलेत." साखर संपली तेव्हा मी चहात जॅम घातला. तो चहा वैऱ्यालाही पाजू नये. धाकट्याने एक घोट घेतला आणि तसाच नळापाशी धावला, आणि मी इतकी हसले की मला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हसले असेन. बाबा मात्र कपात बघत बसले होते.

ते अधूनमधून एकच गोष्ट म्हणायचे. "थोडा तांदूळ विकत आणू या का? तो मोठा डबा राहू दे, मी बघतो सावकाश."

"का? आईच्या हातचं नकोसं झालं का तुम्हाला?" एकदा मी बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबा ताटावरून उठले नाहीत, पण त्यानंतर घासही घेतला नाही.

सहावा आठवडा लागला तेव्हा फक्त तो तांदळाचा डबा उरला. रविवारी सकाळी धाकटा कामावर गेला होता. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, डबा आडवा केला आणि तळाचा तांदूळ बाहेर ओढला. मी अगदी नटूनथटून बसले नव्हते एवढंच, बाकी मन तसंच होतं, कोणाला भेटायला निघाल्यासारखं.

आधी चांगला पांढरा तांदूळ आला. मग पिवळट. मग ढेकळं बाहेर पडली, जाळ्यांनी एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांतून किडे चारी दिशांना पळाले. दाणा जाडा होता, टोकाला लालसर. तो मी ओळखला. गेल्या वर्षी दुकानात काही दिवस हाच मिळत होता आणि मीच नाकं मुरडली होती. म्हणजे वर्षभर हा तळाशी पडून होता. वर्षभर डबा एकदाही उलटा झाला नव्हता, नवं नुसतं वरून ओतलं होतं.

मला इतका राग आला. आईचाच आला, खोटं कशाला बोलू. दीड महिना मी जिच्यासाठी घरादाराला छोले खायला घातले, तिने शेवटी हे ठेवलं होतं!

"आईने अंग कधीपासून काढून घेतलं हो?" मी मोठ्याने म्हणाले.

बाबा दारात उभे होते. "तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "मोठे डबे मी भरत होतो."

"तुम्ही?"

"गेल्या वर्षापासून. तू कामावर गेल्यावर." ते आत येऊन स्टुलावर बसले. "तिच्या हृदयाचं तेव्हाच कळलं होतं. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, आणि फार आशाही धरायची नाही. ती या स्टुलावर बसून सांगायची, मी ओतायचो. मी जुनं बाहेर काढायला लागलो की म्हणायची, राहू द्या हो, पाठ धरेल तुमची. वरूनच घाला."

"आणि मला कोणी काही सांगायचं नाही?"

"तिने शपथच घातली होती. तू नोकरी सोडून तिच्याजवळ बसली असतीस. ते तिला नको होतं."

मी एकाच घरात राहत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या औषधांच्या तारखा बघत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला बाबांवर ओरडायचं होतं, पण मी वर्तमानपत्राच्या कडा दुमडून पळणारे किडे आत लोटत राहिले.

"तुला तो दिवस आठवतो का," बाबा म्हणाले, "भातात किडा निघाला होता?"

आठवत होता. मी दमून आले होते. ताट पुढे ढकललं आणि म्हणाले, दिवसभर घरात असतेस, एवढं साधं जमत नाही तुला? आई म्हणाली, चुकलं गं, उद्या बघते. मग तिने माझं ताट उचललं आणि तो भात टाकून दुसरा वाढून आणला.

"चूक माझी होती," बाबा म्हणाले. "मी सांगणारच होतो, तिने डोळ्यांनी गप्प केलं मला. नंतर खोलीत आली तर हसत होती. मला म्हणाली, बघितलंत? चांगली ओरडली माझ्यावर. म्हणजे तिला अजून काहीच कळलेलं नाही. किती खूश होती म्हणून सांगू! कित्येक दिवसांनी त्या दिवशी पडल्या पडल्या झोप लागली तिला."

बाबांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. ते माझ्याकडे तसंच बघत होते. मी मान हलवली आणि त्या किडक्या तांदळावर वाकून रडत राहिले. शेवटच्या वर्षात मी आईला एवढंच सुख दिलं होतं, की माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं.