एकाच पत्त्यावर

चोरलेले सिनेमे, गाणी, पुस्तकं फुकट वाटणाऱ्या वेबसाइट बंद करायच्या, हे साहेबांचं सरकारी काम. तक्रार आली की पुरावा पाहायचा आणि सही करायची. पुढचं कुलूप इंटरनेट कंपन्या ठोकायच्या. कोर्टाची पायरी चढावी लागत नसे. कायद्यानेच खात्याच्या हातात तेवढी ताकद दिली होती आणि साहेबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चोराला कसली आलीय सुनावणी?

या खेपेला तक्रार एका निर्मात्याची होती. त्याचा सिनेमा थिएटरात लागायच्या आत एका साइटवर झळकला होता. साइट सारखं नाव बदलायची, म्हणून साहेबांनी नावाच्या मागे न लागता ती ज्या सर्व्हरवर होती त्याचा पत्ताच बंद करायचा आदेश काढला.

लगेच इंटरनेट कंपनीतल्या इंजिनीअर बाईंचा फोन आला.

“साहेब, हा पत्ता एकट्याचा नाही. एका इमारतीत शेकडो बिऱ्हाडं असावीत, तसं आहे. खालचं दार बंद केलंत तर सगळेच कोंडले जातील. सुक्याबरोबर ओलंही जळेल.”

“ओल्यांनी अर्ज करावा. नियमात सोय आहे.”

“आणि अर्जाचा निकाल कधी लागतो?”

“बाई, तुम्ही आदेश पाळताय की माझी उलटतपासणी घेताय?”

“पाळतेय,” बाई म्हणाल्या.

दुपारी साहेबांनी डबा उघडला. पहिला घास घेतात तोच मोबाइल वाजला. ताई. त्यांची थोरली बहीण सरकारी इस्पितळाच्या रक्तपेढीत होती आणि कामाच्या वेळात ती कधीच फोन करत नसे.

“बाबू, तुमच्या खात्याने माझी साइट का बंद केलीय?”

“तुझी कुठली साइट?”

“रक्तदात्यांची. दुर्मिळ रक्तगटाच्या माणसांची. उघडायला गेलं की तुमचा शिक्का येतोय, म्हणे कॉपीराइटचा भंग. कुणाच्या रक्ताचा कॉपीराइट मोडलाय रे मी?”

साहेबांनी डबा बाजूला सारला.

“ऐक,” ताईचा आवाज आता खाली आला होता. “इथे एक बाळंतीण आहे. मूल सुखरूप आहे, पण तिचा रक्तस्राव थांबत नाही. तिचा गट लाखात एखाद्याचा. माझ्या पेढीत एकही पिशवी नाही. दाते सगळे त्या साइटवर आहेत. कोण कुठे राहतो, कुणी कधी रक्त दिलं, ते स्वतःच तिथे भरतात.”

“तुझ्याकडे दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेलं नाही?”

“जुनं आहे. निम्मे नंबर लागत नाहीत. एकाने गेल्याच महिन्यात रक्त दिलंय, एक परदेशात आहे. बाबू, ते उघड.”

“मी बघतो.”

“बघू नकोस. उघड.”

बंद करायला साहेबांची एक सही पुरत होती. उघडायला मात्र समितीची बैठक लागायची, किंवा निदान सचिव बाईंचा लेखी हुकूम. सचिव बाई विमानात होत्या. त्यांच्या मदतनिसाने सांगितलं, “उतरल्यावर निरोप देतो.” साहेबांनी इंजिनीअर बाईंना फोन लावला.

“तो पत्ता उघडा. आत्ता.”

“लेखी पाठवा, साहेब. तोंडी उघडलं तर उद्या माझ्या कंपनीच्या मानेवर सुरी.”

“इस्पितळात एक बाई मरतेय!”

“म्हणूनच सांगतेय. बोलण्यात वेळ घालवू नका, पाठवा.”

साहेबांनी स्वतःच दोन ओळी टाइप केल्या आणि हेडक्लार्कला हाक मारली. हेडक्लार्कने कागद वाचला आणि शिक्का मुठीत घट्ट धरला.

“हा अधिकार आपला नाही, साहेब. नोकरीवर बेतेल. मी नाही मारायचा.”

“मग इकडे द्या.”

शिक्का साहेबांनीच मारला. घाईत तो तिरका उमटला. कागद गेला. मग ते संगणकापुढे बसून ताईचं पान पुन्हा पुन्हा उघडू लागले. दर वेळी समोर त्यांच्याच खात्याचा शिक्का.

“उघडलंय मी,” इंजिनीअर बाई फोनवर म्हणाल्या, “पण सगळीकडे पोचायला वेळ लागतो. बंद पडतं पटकन, उघडतं हळूहळू.”

साहेबांच्या शर्टाची पाठ भिजली होती. डब्यातलं जेवण गार झालं होतं. आणि मग अचानक ते पान आलं. साधंसुधं, लाल अक्षरांचं, ताईने कुणाच्या तरी हातापाया पडून बनवून घेतलेलं. त्यांनी तिला फोन लावला.

“दिसतंय. ठेव,” एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर निर्मात्याचा फोन आला, मग त्याच्या वकिलाचा. “चोरांना दार उघडून दिलंत?” साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं लक्ष टेबलावरच्या मोबाइलकडे होतं; ताईचा फोन यायचा होता.

ऑफिस सुटताना तो आला. “एक मास्तर सापडला. शेजारच्या गावातला. वर्ग अर्धा सोडून आला बिचारा. बाई वाचली.”

साहेबांनी गार झालेला डबा पुढे ओढला.

“पण डॉक्टरांना थांबता आलं नाही, बाबू. गर्भपिशवी काढावी लागली. रक्त जरा आधी मिळालं असतं तर कदाचित...”

चौकशी झाली. सचिव बाईंनी शेवटी एकच प्रश्न विचारला. “फोन तुमच्या बहिणीचा नसता, तरीही तुम्ही अधिकार ओलांडला असता?”

साहेबांनी घरून उत्तर घोकून नेलं होतं. माणसाचा जीव, कर्तव्य वगैरे. ते ओठावर आलंच नाही.

“नाही,” ते म्हणाले. “अर्ज करा म्हणून सांगितलं असतं आणि जेवायला बसलो असतो.”

त्यांची बढती रोखली गेली आणि बदली झाली. पत्ता बंद करण्याआधी त्यावर आणखी कोण आहे ते ‘शक्यतो’ पाहावं, अशी एक ओळ नियमात आली. तो ‘शक्यतो’ काढा म्हणून साहेबांनी वर लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

एका रविवारी ताई त्यांना त्या बाळंतिणीच्या घरी घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दोरीवर वाळत घातलेली दुपटी. नवऱ्याने धावत येऊन साहेबांचे हात धरले.

“तुम्हीच ना ते? नोकरीची पर्वा न करता उघडलंत! तुमचे उपकार कसे फेडू?”

ताई भावाकडे पाहत राहिली.

“बंदही मीच केलं होतं,” साहेब म्हणाले. “बाकीचेही कोंडले जातील, असं मला आधी सांगितलं होतं, तरी केलं.”

नवऱ्याचे हात सुटले. तो एकदा ताईकडे, एकदा बायकोकडे पाहू लागला. पलंगावर बसलेल्या बाईने मांडीवरचं मूल खांद्यावर घेतलं आणि ती त्याची पाठ थोपटत राहिली.

“आम्हाला दोन मुलं हवी होती,” ती शेवटी म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली.

“त्यांना जाऊ दे,” ती नवऱ्याला म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. “ताई, तुम्ही बसा.”

साहेब एकटेच जिना उतरले.