रंगारीकाकांची चक्कर

मी एक जुना पलंग आहे. झोपायचा नव्हे, तपासणीचा. मित्रांनो, मला घडवणाऱ्या कारागिराने लोखंडी पाय जोडले, हिरवे रेक्झिन ताणून बसवले, पण डोक्याकडचा कठडा लावायचा राहूनच गेला. त्यामुळे दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात आलो तो थेट कोपऱ्यात. कितीतरी वर्षे माझ्या अंगावर फायलींचे गठ्ठे आणि विसरलेल्या छत्र्या पडून असत.

मग विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी चक्कर येण्यावर संशोधन सुरू केले. आपल्या कानात खोलवर बारीक कण असतात. ते जागा सोडून भलतीकडे गेले, की मान वळवताच घर गरगर फिरते. डोके ठरावीक क्रमाने वळवले तर ते जागेवर परततात का, हे बाईंना पारखून घ्यायचे होते. त्यासाठी रुग्णाचे डोके पलंगाच्या टोकाखाली झुकवावे लागे. कठडा नसलेला मीच एकटा. फायली उतरल्या, नवे रेक्झिन चढले.

रीत अशी होती. निम्म्या रुग्णांचे डोके बिघडलेल्या कानाच्या बाजूने वळवायचे, निम्म्यांचे चांगल्या कानाच्या, म्हणजे नुसता देखावा. आठवड्याने बाई तपासणार. कोणाला काय द्यायचे ते चिठ्ठी काढून ठरे. कोणाला काय मिळाले हे बाईंनाही ठाऊक नसे; ते फक्त डोके वळवणाऱ्या ताईंना ठाऊक असे, आणि मला. रुग्णांना हे सगळे आधी सांगून त्यांची सही घेतलेली असे. देखावा मिळालेल्यांना आठवड्याने खरा उपाय मिळणार, हेही ठरलेले होते.

एक दिवस रंगारीकाका आले. उंच भिंती रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. आता वर पाहिले की चक्कर, कूस बदलली की चक्कर. एकदा तर शिडीवरून पडता पडता वाचले होते. त्यांच्या चिठ्ठीत देखावा निघाला. ताईंचे हात त्या दिवशी जड होते.

आठवड्याने काका काकूंच्या आधाराने आले. बाईंनी तपासून नोंद केली. चक्कर तशीच होती.

"माझ्या मेंदूतच काहीतरी असणार," काका म्हणाले. "लपवू नका."

"शिडी देऊन टाकतो म्हणतात," काकू हळूच म्हणाल्या.

नोंद झाली होती; आता बोलायला हरकत नव्हती. ताई म्हणाल्या, "काका, मागच्या वेळी तुमची मान दुसऱ्या बाजूनं वळवली होती. सही केलीत ना, त्यात होतं ते. आज बरोबर बाजूनं वळवते."

"म्हणजे आठवडाभर मी फुकटच गरगरलो?"

"फुकट नाही हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही गरगरलात, म्हणूनच या उपायानं खरंच गुण येतो का ते कळणार."

काका आपणहून आडवे झाले.

डोके झुकताच त्यांनी माझी कड इतकी आवळली, की रेक्झिन टरकले. "फिरतंय, ताई."

"फिरू दे. डोळे उघडे ठेवा. मी धरलंय."

ताईंनी डोके दुसरीकडे वळवले, थांबल्या, मग कुशीवर घेतले, मग उठवून बसवले. थोड्या वेळाने पुन्हा आडवे केले. या वेळी माझ्या कडेवरची बोटे सैल राहिली.

"आता वर बघा," ताई म्हणाल्या. काकूंनी त्यांचा सदरा घट्ट पकडला.

काका छताकडे बराच वेळ बघत राहिले. "तिथं ओल आलीय," ते म्हणाले. "पोपडे काढायच्या आधीच कोणीतरी रंग मारलाय." काकू हसता हसता डोळे पुसू लागल्या.

पुढे संशोधन पूर्ण झाले. खरा उपाय मिळालेल्यांपैकी बहुतेकांची चक्कर थांबली होती, देखावा मिळालेल्यांपैकी थोड्यांचीच. आता तो येईल त्या प्रत्येकाला मिळतो. माझे रेक्झिन अजून टरकलेलेच आहे. जाता-येता कोणी दोन टाके घातले तर बरे होईल.

मित्रांनो, चक्कर आली तर घाबरून घरात बसू नका, तपासून घ्या. आणि बरे होऊन घरी जाताना एवढे लक्षात असू द्या: तुमच्या आधी कोणत्यातरी अनोळखी माणसाने तुमच्यासाठी एक आठवडा जास्त सोसलेले असते.