ठोकळ्याचं नवं कार्ड

"लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही, वहिनी. ते बोर्डाला कायमचं चिकटवलेलं असतं. नवा घ्या," धाकट्या भाऊजींनी उभ्या उभ्या निकाल दिला.

आमचे भाऊजी कॉम्प्युटर इंजिनिअर. ते बोलले की घरात ती काळ्या दगडावरची रेघ. इकडे माझ्या स्क्रीनवर हिरवे-जांभळे पट्टे नाचत होते आणि त्यांच्याआड एका शिक्षिकेचा अख्खा वरचा जबडा अडकला होता.

मी दात बनवते. आधी लॅपटॉपवर आकार द्यायचा, मग मशीन ते कापून देतं. जुन्या लॅबमधली नोकरी सोडून मी घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं होतं आणि हा जबडा म्हणजे पहिलंच काम. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या संध्याकाळपर्यंत जबडा आला तर पुढची सगळी कामं तुझी. नाहीतर तुझी जुनी लॅब आहेच." तिथले साहेब तर मी परत येण्याची वाटच बघत बसले होते.

भाऊजींनी मोठ्या मनाने स्वतःचा लॅपटॉप दिला. वहीएवढा पातळ, दिसायला देखणा. जबडा फिरवायला घेतला की धापा टाकायचा.

"तुम्ही माझा उघडून पाहिलात का?" मी विचारलं.

"त्यात काय पाहायचं? सगळ्यांचं सारखंच असतं."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांचं सारखं असतं तर एकच कवळी बनवून गावभर वाटली असती की मी!

माझा लॅपटॉप जुना आणि जाडजूड, म्हणून घरात त्याला ठोकळा म्हणतात. मी तो उलटा केला, बॅटरी काढली, खालचं झाकण उघडलं. आत कार्डाची वेगळी पाटी होती. एका खाचेत खोचलेली, वर स्क्रू. भाऊजी चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"अहो, हे निघतं की!"

मग त्यांनाच हुरूप आला. आपला पातळ लॅपटॉपही त्यांनी उघडून पाहिला. त्याचं कार्ड खरंच चिकटवलेलं निघालं. तो बंद करून ते माझ्याबरोबर दुरुस्तीच्या दुकानात आले. तिथे स्क्रीन फुटलेला दुसरा ठोकळा होता. अगदी माझ्यासारखाच. त्याचं कार्ड मिळालं.

कार्डावर उष्णता ओढून घेणारी तांब्याची पट्टी बसते. तिच्या आणि बारक्या चिपांच्या मध्ये मऊ पॅड लावायचे, मोठ्या चिपेवर नुसती पेस्ट. दुकानदाराने जाड आणि पातळ असे दोन प्रकारचे पॅड दाखवले. मी जाड उचलले. माझ्या धंद्यात बसवलेली वस्तू जराही हलली की नाक कापलं जातं.

ठोकळा सुरू झाला. पट्टे गायब, जबडा लख्ख! भाऊजींनी टाळी वाजवली, मी जबडा फिरवायला घेतला आणि सगळं बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"तापतोय. मी म्हटलंच होतं, नाही चालायचं," भाऊजी म्हणाले.

त्यांचं बोलायला काय जातं! मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग त्याहून जास्त आला. कार्ड काढून मी माझ्या टेबलावर नेलं. दात कुठे टेकतात हे पाहायला आम्ही मध्ये निळा कागद धरतो. जिथे टेकतात तिथे डाग उमटतो. पेस्ट पुसून तोच कागद मी पट्टीखाली धरला आणि स्क्रू आवळले. उघडलं तर पॅडांवर निळे डाग, आणि मधली मोठी चिप कोरडी ठणठणीत.

"चावा उंच झालाय!" मी ओरडले.

"कुणाचा?" भाऊजी दचकले.

एखादा दात उंच राहिला की बाकीचे टेकत नाहीत, तशी माझ्या जाड पॅडांनी पट्टी वर उचलून धरली होती. जुन्या कार्डाचे पातळ पॅड अजून धड होते. ते लावले, नवी पेस्ट लावली. या वेळी पंखा घुमला आणि जबडा लोण्यासारखा फिरला. मी फिरवतच राहिले, भाऊजी बघतच राहिले. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा आकार पुरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दात कापून, घासून तयार झाले. भाऊजी हट्टाने दवाखान्यात सोबत आले. डॉक्टरीणबाईंनी जबडा बसवला, इकडून तिकडून पाहिला. शिक्षिकाबाई आरशात बघून मोठ्याने आपल्या वर्गाची हजेरी घ्यायला लागल्या. एकही नाव बोबडं आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडलं आणि बाकीच्या पेशंटांच्या दातांचा एकेक साचा माझ्या हातात द्यायला लागल्या.

"हे सगळे तुझे. पिशवी आणलीस ना?"

नव्हती आणली. भाऊजींनी आपल्या बॅगेतून तो देखणा लॅपटॉप बाहेर काढून काखेत मारला आणि रिकामी बॅग माझ्यापुढे धरली.