लुपेच्या लग्नातली चटई

माझ्या भावाने, तविताने, आपल्या बायकोला, लुपेला, मारून टाकलं. गुन्हा कबूल होता, जन्मठेप ठरलेली होती. उरला होता एवढाच प्रश्न, की किती वर्षांनी सुटकेचा अर्ज करता येईल. ते बरंचसं त्याच्या लहानपणावर ठरणार होतं, आणि लहानपणाची हयात साक्षीदार मी.

त्याच्या वकील हार्गेस्टबाई माझ्याकडून बाबांच्या गोष्टी काढून घेत. बाबा चर्चमधले मानकरी. घरी कमरेचा पट्टा. तविताचा हात मोडला तेव्हा त्यांनी डॉक्टरला सांगितलं, आंब्याच्या झाडावरून पडला. ऑकलंडमध्ये आंब्याची झाडं कुठली? पण डॉक्टरने विचारलं नाही.

"छान," बाई म्हणाल्या. मग दचकल्या. "म्हणजे, भयंकरच. पण छान."

"तो पट्टा मलाही होता."

"त्याची गरज पडणार नाही."

आमच्या कुळाचे प्रमुख सोलोमोनाकाका म्हणाले, "कोर्टाचं कोर्ट बघेल. आधी इफोगा." म्हणजे आमच्या बेटांवरची माफी मागायची रीत: उजाडताना मृताच्या दारात गुडघे टेकायचे, डोक्यावरून बारीक विणीची चटई ओढून बसायचं. त्या घरच्यांनी चटई उचलली की क्षमा. दोषी तुरुंगात असेल तर त्याच्याऐवजी घरच्यांनी बसायचं.

हार्गेस्टबाई खूश झाल्या. "न्यायाधीश हेही धरतात. फोटो मिळेल?"

काकांनी फोटोला नाही म्हटलं आणि घरातली सगळ्यात उत्तम चटई काढायला लावली.

लुपेच्या आईच्या दारात, ओल्या गवतावर, आम्ही चटईखाली बसलो. गल्लीत कचऱ्याची गाडी आली. ड्रायव्हर आमच्यातलाच असावा. त्याने इंजिन बंद केलं आणि डबे आवाज न करता ओढत नेले. मग दार उघडलं. माशिनामावशी, लुपेची आई, आल्या आणि चटईची कड चाचपत उभ्या राहिल्या.

"सोलोमोना, ही चटई माझी आहे."

आमच्याकडे चटया लग्नात येतात, मयताला जातात. कुठली कुणाकडून आली हे बायका लक्षात ठेवतात. यावेळी गडबडीत कुणी ठेवलं नव्हतं.

"लुपेच्या लग्नात दिली होती. पोरगी संपवलीत, आणि चटई मात्र जपलीत?"

त्यांनी चटई उचलली, घडी घातली, काखेत मारली. ही क्षमा नव्हती. आम्ही तसेच उघड्यावर, गुडघ्यांवर.

"माझी वस्तू मला मिळाली. तुम्ही काय आणलंय?"

"माशिनाताई—" काका म्हणाले.

"तू गप्प बस. इलोआ, तू सांग. कोर्टात काय बोलणार?"

"बाबा तविताला मारायचे, ते."

"खरंय?"

"खरंय."

"आणि तुला?"

"मलाही."

"मग तू कुणाचा जीव घेतलास गं?"

"कुणाचाच नाही."

"हे सांगणारेस?"

"ते कुणी विचारत नाही, मावशी."

"मी विचारतेय ना!"

कोर्टात हार्गेस्टबाईंनी झाड विचारलं, मी सांगितलं. पट्टा विचारला, सांगितला. काचेमागे तविता रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"आभारी आहे. बसा."

मी बसले नाही.

"न्यायाधीश महाराज, त्याच्या हाताचं खरं आहे. ते धराच. पण त्या घरात मुलं दोन होती. बाबा गेले तेव्हा तो पट्टा आम्ही दोघांनी मिळून जाळला. तविता म्हणाला, माझ्या घरात हे येणार नाही. म्हणजे त्याला कळत होतं. तेही धरा."

हार्गेस्टबाई अचानक चष्मा पुसू लागल्या.

न्यायाधीशांनी लहानपणापोटी एक वर्ष कमी केलं. बाईंनी तीन मागितली होती.

बाहेर काकांनी घरच्या बाकीच्यांसाठी व्हॅनचं दार धरून ठेवलं, माझ्यासाठी नव्हे. "भावाची दोन वर्षं खाल्लीस."

"खाल्ली," मी म्हणाले आणि बसथांब्याकडे निघाले.

तिथे माशिनामावशी उभ्या होत्या.

"मी क्षमा केलेली नाही."

"माहितेय."

"रविवारी ये. चटईची एक कड उसवलीय तुमच्या घरात. माझ्या एकटीच्या डोळ्यांनी नाही जमायचं."

मला विणता येत नाही. पण बस यायच्या आत मी शनिवारपर्यंत शिकायचं ठरवून टाकलं.